वाढदिवसाचे खेळ आणि बाद झालेला गडी

मुलाचा वाढदिवस जवळ आला म्हणजे घरांत कशाकशाची तयारी चालते हें आपण सर्व जाणतोंच. कोणाच्या घरीं औक्षणाचें ताट लागतें, कोणाच्या घरीं केक येतो; नवे कपडे शिवतात, शेव-चिवड्याचे डबे भरतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांस निरोप जातात. परंतु बोलाविलेलीं दहाबारा मुलें जमल्यावर फराळापूर्वींच्या दीड तासांत त्यांनीं करावयाचें काय, याचा विचार फारच थोड्या घरीं अगोदर झालेला असतो. 'मुलें काय, खेळतील आपलीं!' असें म्हणून आईबाप स्वयंपाकघराकडे वळतात. मुलें खेळतात हें खरें. पण सगळींच खेळतात असें मात्र नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्हांस जें सांगावयाचें आहे तें या न खेळणाऱ्या मुलांसंबंधानेंच आहे.

हा विषय आम्हांस कोणत्या पुस्तकांत सांपडला नाहीं. तो आमच्याच अंगणांत सांपडला. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या धाकट्या मुलाच्या आठव्या वाढदिवशीं खेळांची सर्व जबाबदारी आम्हीं मोठ्या उत्साहानें आपल्याकडे घेतली. शाळेचे क्रीडादिन पार पाडण्याचा पंधरा वर्षांचा अनुभव पाठीशीं असल्यामुळें बारा मुलांची ती काय कथा, अशी थोडी घमेंडही मनांत होती. घरीं हार्मोनियम होतें म्हणून संगीत खुर्ची, अंगण बरें होतें म्हणून लंगडी, आणि शेवटीं लिंबू-चमचा, असे तीन खेळ ठरले, व तिन्ही वेळेवर आणि शिस्तीनें पार पडले.

आमच्या आळींत त्या वेळीं एक कुटुंब नुकतेंच राहावयास आलें होतें. त्या घरचा नऊ वर्षांचा, पण अंगानें लहानखोरा असा एक मुलगा पाहुण्यांत होता. संगीत खुर्चींत तो पहिल्याच फेरींत बाद झाला. लंगडींत त्यास धरावयास कोणाला फारसें श्रम पडले नाहींत. लिंबू तर त्याच्या चमच्यांतून दुसऱ्याच पावलास पडलें. प्रत्येक वेळीं तो निमूटपणें पेरूच्या झाडाखालीं, जेथें सर्वांनीं आपापल्या चपला काढून ठेविल्या होत्या तेथें, जाऊन उभा राही. आम्हांस तें दिसलें नव्हतें असें नाहीं. दिसलें, आणि 'किती समजूतदार मुलगा!' असें वाटलें. फराळाच्या वेळीं एक बशी उरली.

सायंकाळीं ती बशी घेऊन आम्ही त्याच्या घरीं गेलों. तो ओसरीवर पाटी-पुस्तक घेऊन बसला होता. "काय रे, खाऊ न घेतांच कां निघून आलास?" असें आम्हीं विचारतां तो उभा राहिला व म्हणाला, "सर, मी बाद झालों होतों ना."

त्याच्या आवाजांत रडें नव्हतें कीं तक्रार नव्हती. जो बाद झाला त्यानें निघावयाचें, एवढाच अर्थ त्यानें घेतला होता. आणि विचार करूं लागलों तों त्यांत त्याचें चुकलें कोठें हें आम्हांस सांगतां येईना. तीन खेळांत मिळून तो पांच मिनिटेंही खेळला नव्हता. उरलेला सर्व वेळ आम्हीं त्यास दुसऱ्यांचा आनंद पाहावयास बोलाविलें होतें.

त्या रात्रीं आम्हीं कागद-पेन्सिल घेऊन संगीत खुर्चीचा हिशोब मांडला. विद्यार्थ्यांनीं तो आपल्या हातानें करून पाहावा, कारण त्यांत श्रेढीचें एक चांगलें उदाहरण आहे. मुलें १२ व खुर्च्या ११ असतील तर विजयी ठरेपर्यंत ११ फेऱ्या होतात. प्रत्येक मुलानें प्रत्येक फेरी खेळली असती तर १२ गुणिले ११, म्हणजे १३२ वेळां कोणीतरी खेळलें असतें. प्रत्यक्षांत पहिल्या फेरींत १२, दुसरींत ११, असें करीत शेवटच्या फेरींत २ मुलें खेळतात. यांची बेरीज ७७ येते. म्हणजे ५५ वेळां कोणीतरी नुसतें उभें होतें. पहिला बाद झालेला मुलगा एक फेरी खेळून दहा फेऱ्या उभा राहतो. वादविवाद धरून एका फेरीस दीड मिनिट लागलें तर त्याच्या वांट्यास पंधरा मिनिटें उभें राहणें येतें. आठनऊ वर्षांच्या मुलास पंधरा मिनिटें म्हणजे केवढीं, हें ज्यानें लहान वर्ग सांभाळला आहे तोच जाणे.

आणि हें उभें राहणें कोणाच्या वांट्यास येतें? जो लहान, जो बुजरा, जो मंदगति, जो खेळांत नवखा, त्याच्याच. ज्यास सरावाची गरज अधिक त्यास खेळ सर्वांत कमी, आणि ज्यास अगोदरच चांगलें येतें तो शेवटपर्यंत खेळून आणखी तरबेज होतो. ज्या विद्यार्थ्यास बेरीज येत नाहीं त्यास पहिल्या चुकीबरोबर वर्गाबाहेर काढून, ज्यास येते त्यालाच तासभर गणितें घालणारा शिक्षक आमच्या पाहण्यांत नाहीं. असता तर पालकांनीं त्यास नीट विचारलें असतें. अंगणांत मात्र आम्ही शिक्षक असूनही तेंच करीत होतों.

यावर उपाय शोधूं लागल्यावर प्रथम आम्हांस आपल्याच जुन्या खेळांची आठवण झाली. हे खेळ आजकालचे नव्हत. तुकाराममहाराजांच्या गाथेंत फुगडी, हमामा, विटूदांडू, हुतुतू अशा खेळांवर अभंग आहेत, इतकी त्यांची परंपरा जुनी. आज ज्यास आपण कबड्डी म्हणतों तो खेळ पूर्वीं ठिकठिकाणीं निरनिराळ्या रीतीनें खेळत, व त्याचे तीन प्रकार प्रसिद्ध होते: संजीवनी, गामिनी आणि अमर. या तिन्हींतील मुख्य भेद कोणता? बाद झालेल्या गड्याचें काय करावयाचें, हाच. गामिनींत मेलेला गडी तो मेलाच; एक सबंध पक्ष संपेपर्यंत त्यानें बाहेर बसावयाचें. संजीवनींत आपल्या पक्षानें प्रतिपक्षाचा गडी मारला कीं आपला एक मेलेला गडी जिवंत होऊन आंत येतो. अमर या प्रकारांत तर कोणी बाहेर जातच नाहीं; गडी मेला कीं दुसऱ्या पक्षास गुण मिळतो, आणि गडी खेळतच राहतो. पुढें १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें हा खेळ परदेशीयांस करून दाखविला, आणि १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्यास स्थान मिळालें. या जगभर गेलेल्या कबड्डींत गडी जिवंत होण्याचा संजीवनीचा नियम आजही आहे. आमच्या मतें ही मोठी शहाणपणाची निवड झाली. कारण बाहेर बसलेला गडीही तेथें खेळाकडे डोळे लावून असतो. त्याची आशा सुटलेली नसते.

लहान मुलांच्या विष-अमृतांत हीच गोष्ट आणखी सोप्या रीतीनें आली आहे. ज्याच्यावर राज्य आहे त्यानें शिवून 'विष' म्हटलें कीं गड्यानें जागच्या जागीं थिजून उभें राहावयाचें; दुसऱ्या एखाद्या गड्यानें धांवत येऊन, स्वतः पकडलें जाण्याचा धोका पतकरून, 'अमृत' म्हणून त्यास शिवलें कीं तो मोकळा. यांत थिजलेल्या मुलास नुसती वाट पाहावी लागत नाहीं. तें हांका मारतें, हात पुढें करतें, आणि आपल्यासाठीं कोणी धांवून आलें याचें सुख त्यास मिळतें. (राज्य येणें हा आपल्या भाषेंतील शब्दप्रयोगही मोठा गमतीचा आहे. ज्याच्यावर राज्य येतें तोच सर्वांत अधिक धांवतो व सर्वांत एकटा असतो.)

कच्चें लिंबू ही संस्थाही आपल्या जाणत्या मुलांनींच निर्माण केली आहे. धाकटें भावंड खेळाचा हट्ट धरून बसलें कीं त्यास कच्चें लिंबू करून आंत घ्यावयाचें. त्यानें मनमुराद पळावें, पण त्यास पकडलें तरी त्याच्यावर राज्य येत नाहीं. चारपांच वर्षांच्या मुलास हें फार आवडतें, कारण आपण कच्चें लिंबू आहों हें त्याच्या गांवींही नसतें. परंतु आठ वर्षांच्या मुलास दया म्हणून कच्चें लिंबू करणें हा त्याचा अपमान होय, व तो अपमान बाद होण्याहूनही अधिक झोंबतो. येथें मोठ्या माणसांनीं सावध असलें पाहिजे. दुबळ्या मुलासाठीं वेगळा नियम करूं नये. जो नियम करावयाचा तो सर्वांसाठीं करावा.

या विचारानें पुढील वर्षीं आम्हीं खेळ ठरविले. एकेक खेळ घेऊन त्यास एकच प्रश्न विचारला: या खेळांत बाद झालेल्याचें काय होतें?

संगीत खुर्ची सोडणें जिवावर आलें, कारण हार्मोनियम वाजविण्याची आमची हौस. मग खुर्च्यांऐवजीं सहा गोणपाट अंगणांत पसरले, आणि हीं समुद्रांतील बेटें आहेत असें सांगितलें. पेटी वाजत असेतोंवर सर्वांनीं समुद्रांत फिरावयाचें. ती थांबतांच प्रत्येकानें कोणत्यातरी बेटावर चढावयाचें. दर फेरीस एक गोणपाट उचलावयाचा. मूल मात्र एकही काढावयाचें नाहीं. बेटें कमी होत जातात तसतशीं मुलें एकमेकांस धरून, ओढून घेऊन, एका पायावर उभीं राहून जागा करूं लागतात. शेवटचीं दोन बेटें उरलीं असतां बारा मुलें त्यांवर मावलीं तर सर्वांचाच जय. ज्याच्या अंगास जागा कमी लागते त्या लहानखोऱ्या मुलास या खेळांत मोठी किंमत येते, हा एक अनपेक्षित लाभ. गोणपाट गुळगुळीत फरशीवर मात्र पसरूं नयेत, पाय घसरतो.

लिंबू-चमच्याचा दोष निराळा होता. त्यांत आम्हीं मुलांच्या दोनच रांगा केल्या होत्या. सहांच्या रांगेंत एक धांवतो तेव्हां पांच थांबतात. चार रांगा केल्या तर तिघांच्या रांगेंत दोघेच थांबतात. त्यासाठीं आणखी दोन लिंबें व दोन चमचे एवढाच काय तो खर्च. लिंबू पडलें तर तें उचलून पुन्हां चमच्यांत ठेवावें व तेथूनच पुढें चालावें. परत येऊन चमचा पुढच्या गड्याच्या हातीं द्यावा.

लगोरी हा खेळ आमच्या फार आवडीचा आहे, म्हणून त्याविषयीं अंमळ विस्तारानें लिहितों. सात चपटे दगड एकावर एक रचावे. एका पक्षानें चेंडू मारून ते पाडावे, आणि दुसऱ्या पक्षाचा चेंडू अंगावर बसण्यापूर्वीं पुन्हां रचावे, हें सर्वांस माहीत आहे. चेंडू लागला कीं गडी बाद, अशी चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. आम्हीं तीऐवजीं असें ठरविलें कीं, ज्यास चेंडू लागेल त्यानें अंगणाच्या टोंकाच्या निंबास हात लावून यावें व पुन्हां खेळावें. निंब हाच भोज्या. एवढ्या एका फरकानें गामिनीची संजीवनी झाली, आणि खेळ दुप्पट चुरशीचा झाला. कारण रचणाऱ्यांपैकीं कोण परत येतो व कोण निंबाकडे धांवतो आहे यावर सतत लक्ष ठेवावें लागतें. चेंडू चिंध्यांचा अगर पोकळ रबराचा असावा, आणि कमरेच्या खालींच मारावा. दगड आदल्या दिवशींच गोळा करून ठेवावे, आणि जमिनीवरील दगड उचलतांना तो काठीनें उलटून पाहिल्याखेरीज हात घालूं नये. त्याखालीं विंचू असण्याचा संभव असतो. हें काम मुलांवर सोंपवूं नये.

शिवाशिवीऐवजीं साखळी खेळावी. ज्यास पकडलें त्यानें पकडणाऱ्याचा हात धरावयाचा व दोघांनीं मिळून तिसऱ्यास पकडावयाचें. साखळींत चार मुलें झालीं कीं ती दोन ठिकाणीं तोडावी, म्हणजे टोंकाचें लहान मूल फरफटत नाहीं. तळ्यांत-मळ्यांत हा लहानग्यांचा खेळ. त्यांत चुकलेल्यास बाहेर न काढतां एक बेडूकउडी मारावयास लावावी आणि खेळ चालूं ठेवावा. अनुभव असा कीं थोड्या वेळानें सर्वजण मुद्दाम चुकूं लागतात. लागूं द्यावें.

लपंडावाविषयीं मात्र आमचें मन साशंक आहे. विहीर, पाण्याची टाकी, मोठी पेटी अगर कपाट, उभी असलेली मोटार, यांपैकीं कांहींही जवळ असेल तर पाहुण्या मुलांस लपावयास लावूं नये. त्यांस घरची माहिती नसते आणि लपण्याच्या भरांत तीं कोठें शिरतील याचा नेम नाहीं. तशी भीति नसेल, तर उलटा लपंडाव खेळून पाहावा: एकानें लपावें, बाकीच्या सर्वांनीं शोधावें, ज्यास तो सांपडेल त्यानें हळूच त्याच्याच शेजारीं लपावें. शेवटीं एका झुडुपामागें अकरा मुलें हसूं दाबून बसलेलीं असतात.

खेळ निवडण्याइतकेंच महत्त्व भिडू पाडण्यास आहे. दोन म्होरक्यांनीं आळीपाळीनें एकेक गडी मागून घ्यावा ही रीत दिसावयास न्यायाची, पण तींत सर्वांत शेवटीं उरलेल्या मुलाची सर्वांदेखत जी शोभा होते ती तें मूल वर्षानुवर्षें विसरत नाहीं. आम्हांस हें ठाऊक आहे, कारण आम्ही स्वतः लहानपणीं चष्मा लावीत असूं आणि शेवटीं उरत असूं. त्यापेक्षां आपली जुनी रीत चांगली. मुलांनीं आपसांत साधारण बरोबरीच्या जोड्या जमवाव्या. प्रत्येक जोडीनें बाजूस जाऊन कानगोष्टी करून एकानें आंबा व एकानें चिंच, अशीं गुप्त नांवें घ्यावीं, आणि खांद्यावर हात टाकून म्होरक्यांपुढें येऊन विचारावें कीं आंबा हवा कीं चिंच. म्होरक्या नांव मागतो, मुलगा नव्हे. पक्ष समबल होतात आणि कोणी उरत नाहीं. ज्या कोणी मुलांनीं ही युक्ति प्रथम काढली त्यांस आम्ही मनांतल्या मनांत गुरुस्थानीं मानतों.

पायानें अधू, दृष्टीनें मंद, किंवा दम्याचा विकार असलेलें मूल पाहुण्यांत असलें तर त्यास पंच करावें असें सर्वांस सुचतें, आणि आपण फार उदार झालों असें वाटतें. आम्हीही पुष्कळदां तसें केलें आहे. पण त्या मुलास हरएक घरीं, हरएक खेळांत पंचच व्हावें लागतें, याचा विचार कोणी करीत नाहीं. आधीं त्यालाच, एकीकडे नेऊन, काय खेळावयास आवडेल तें विचारावें, व त्याच्या आईबापांसही विचारावें. एका अशाच मुलीनें आम्हांस सांगितलें होतें कीं, मला पळतां येत नाहीं पण नेम चांगला येतो. मग लगोरी पाडण्याचे पहिले तीन चेंडू तिचे, असें तिच्या पक्षानें आपण होऊनच ठरविलें.

जागेविषयीं थोडें. खो-खोचें रीतसर मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असतें. तेवढी जागा कोणाच्या अंगणांत असणार? म्हणून शाळेंतील खेळ जसाच्या तसा घरीं आणण्याचा हव्यास धरूं नये. अंगण लहान असेल तर जवळचें मैदान अगोदर पाहून ठेवावें. तेथें अनवाणी एक फेरी मारून यावी. सराटे, बाभळीचे कांटे व कांचा कोठें आहेत हें डोळ्यांपेक्षां तळपायांस लवकर कळतें. अंगणांतील कपडे वाळत घालण्याच्या तारा काढून ठेवाव्या, कारण मोठ्यांच्या डोक्यावरून जाणारी तार बाकावरून उडी मारणाऱ्या मुलाच्या बरोबर गळ्याशीं येते. कुंपणास रुई असेल तर तिचीं पानें तोडूं नयेत असें मुलांस बजावावें. तिचा चीक डोळ्यांत जाणें फार वाईट. डोळे बांधून मडकें फोडण्याची हौस कित्येक घरीं असते. ती करावयाचीच तर बघ्यांभोंवतीं दोरी धरून अंतर राखावें, आणि काठी आंखूड द्यावी. फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लागलीच उचलून टाकावे, कारण तान्हीं मुलें ते तोंडांत घालतात व तो तुकडा घशांत अडकतो.

वेळेचें म्हणाल तर तो वाढदिवस कोणत्या महिन्यांत येतो यावर अवलंबून आहे. पुणें-नाशिकच्या बाजूस डिसेंबरांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तर मे महिन्याच्या अखेरीस सात वाजून गेले तरी उजेड असतो. यास्तव हिवाळ्यांत चारलाच आरंभ करावा, आणि उन्हाळ्यांत साडेपांचापूर्वीं मुलांस उन्हांत काढूं नये. पाण्याचा माठ व पेले खेळाच्या जागींच ठेवावे; घरांत पाणी प्यावयास गेलेलें मूल खाऊच्या वासानें तेथेंच रेंगाळतें. दर वीस मिनिटांनीं सर्वांस पाणी, अगर मीठ-साखर घातलेलें लिंबाचें सरबत द्यावें. पावसाळ्यांतील वाढदिवस आम्हीं आजवर एकच पाहिला, व त्यांत ओसरीवर सागरगोटे आणि पडवींत बेटांचा खेळ याखेरीज कांहीं साधलें नाहीं.

मुलें एकदम येत नाहींत, हीही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पहिलें मूल अर्धा तास अगोदर येतें व आईच्या पदराआड उभें राहतें. त्याच्यासाठीं असा खेळ असावा कीं ज्यास आरंभ नाहीं आणि ज्यांत कोणी केव्हांही शिरावें. आम्ही येणाऱ्यास एक टोपली देतों, आणि खालीं पडलेल्या पानांतून निंब, चिंच, पेरू, आंबा व पिंपळ अशीं पांच तऱ्हेचीं पानें शोधावयास सांगतों. दुसरें मूल आलें कीं तें पहिल्याच्या टोपलींत सामील होतें. नांव-गांव विचारण्यापूर्वींच दोघांची ओळख झालेली असते. त्यानंतर धांवण्याचे दोन खेळ, मग बेटें, मग लगोरी, आणि फराळापूर्वीं दहा मिनिटें बसून मामाचें पत्र, असा आमचा क्रम असतो. फराळानंतर धांवणें नाहीं. एक खेळ हातचा राखून ठेवावा. आणि एखादा खेळ मुलांस रंगला तर कागदावरील क्रम खुशाल मोडावा. या बाबतींत आमचें व आमच्या कुटुंबाचें एकमत नाहीं. त्यांस ठरल्या वेळीं बशा मांडलेल्या आवडतात.

बक्षिसांचा प्रश्न आम्हीं निकालांत काढला आहे. एक बक्षीस ठेविलें कीं बारांतील अकरा मुलें हरतात. आम्ही सर्वांस शेंगदाण्याच्या चिक्कीची सारखीच पुडी देतों. ज्याचा वाढदिवस त्याला प्रत्येक खेळांत जिंकून देण्याचा मोह मात्र मोठ्यांनीं आवरावा. पाहुण्या मुलांस तें तत्काळ कळतें, आणि तीं सभ्यपणानें गप्प बसतात. नंतर मात्र त्या मुलाशीं कोणी मनापासून खेळत नाहीं. आमच्याच चिरंजीवांनीं एकदां लगोरींत रडीचा डाव मांडला. तेव्हां वाढदिवसाचा मान त्यास निंबापर्यंत दोनदां धांवण्याच्या रूपानें मिळाला.

त्या दुसऱ्या वर्षीं तो शेजारचा मुलगा येईल कीं नाहीं याची आम्हांस फार धास्ती होती. निरोप आम्हीं स्वतः जाऊन दिला. तो सर्वांत अगोदर आला, आणि टोपली घेऊन पेरूखालीं पानें वेंचूं लागला. बेटांच्या शेवटच्या फेरींत तो दोन मुलांच्या मधोमध एका पायावर उभा होता व मोठमोठ्यानें कोणाला तरी 'इकडे ये, इकडे जागा आहे!' असें बोलावीत होता. लगोरींत त्यास चेंडू किती वेळां लागला याचा हिशोब आम्हीं ठेविला नाहीं, परंतु निंबाकडे जाण्यायेण्याची एक पाऊलवाट त्या दिवशीं गवतांत पडली. फराळास बशा पुरेपूर लागल्या, आणि चिवडा थोडा कमीच पडला.

तेव्हांपासून आम्हांस एक संवय जडली आहे. खेळ अर्ध्यावर आला कीं आम्ही पेटी पत्नीच्या स्वाधीन करतों, पेरूच्या झाडाखालीं जातों, आणि तेथें किती चपलांचे जोड आहेत ते मोजून येतों.